तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



एखाद्या देशात नवा राष्ट्राध्यक्ष निवडून आला आणि त्याने आपले मंत्रिमंडळ जाहीर केले की वृत्तपत्रांतून दोन प्रकारचे लेख हमखास येतात. एका प्रकारात मंत्र्यांची शिरगणती असते : डावे किती, मध्यममार्गी किती, स्त्रिया किती, कोणत्या गटाचे किती. दुसऱ्या प्रकारात मंत्र्यांची चरित्रे असतात : कोण कोठे शिकला, कोण कोणाचा विश्वासू, कोणाचे कोणाशी जमत नाही. दोन्ही प्रकारच्या लेखांतून मंत्र्यांविषयी पुष्कळ माहिती मिळते. सरकार पुढे काय करणार, हे मात्र कळत नाही. समाजवादी कार्यकर्त्याला याहून निराळी पारख शिकावी लागते. खातेवाटप हा कोणत्याही नव्या सरकारचा पहिला ठराव असतो. आणि हा ठराव असा असतो की, तो पक्षाच्या अधिवेशनात मांडला जात नाही, त्यावर चर्चा होत नाही आणि मतही घेतले जात नाही.

ही पारख शिकण्यासाठी फ्रान्समधील १९८१ च्या सत्तांतराइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. १० मे १९८१ रोजी समाजवादी पक्षाचे फ्रान्स्वा मितराँ ५१.७६ टक्के मते मिळवून राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. १९५८ मध्ये पाचवे प्रजासत्ताक स्थापन झाल्यापासून डाव्या पक्षांचा उमेदवार त्या पदावर प्रथमच येत होता. त्या रात्री पॅरिसच्या बास्तिय चौकात लोकांचा महापूर लोटला. अधिकारग्रहण करताच मितराँ यांनी राष्ट्रीय सभा विसर्जित केली, आणि जूनमधील निवडणुकीत समाजवाद्यांना स्वबळावर स्पष्ट बहुमत मिळाले. राष्ट्राध्यक्ष आपला, सभागृह आपले, आणि हाती ११० कलमांचा निवडणूक-जाहीरनामा. मित्रपक्षांनी पाय मागे ओढले, ही सबब सांगण्याची सोय त्या सरकारला उरली नव्हती. म्हणूनच त्याच्या यशापयशाचा उगम त्याच्या स्वतःच्या रचनेत शोधता येतो.

ती रचना कशी होती? पंतप्रधानपद पिएर मोर्वा यांना मिळाले. ते लील या औद्योगिक शहराचे महापौर, उत्तर फ्रान्समधील कामगार-वस्त्यांच्या जुन्या समाजवादी परंपरेत वाढलेले. १९७९ च्या मेत्झ अधिवेशनात ते मितराँ यांच्या विरुद्ध गटात होते. तरीही त्यांची निवड झाली. त्याच अधिवेशनातील प्रमुख प्रतिस्पर्धी मिशेल रोकार यांना नियोजन खाते देण्यात आले, तर पक्षातील कडव्या डाव्या गटाचे झाँ-पिएर शव्हेनमाँ यांना संशोधन व तंत्रज्ञान. गृह आणि विकेंद्रीकरण मार्सेयचे महापौर गास्ताँ देफेर यांच्याकडे गेले, कामगार खाते झाँ ओरू यांच्याकडे, सामाजिक ऐक्याचे खाते निकोल केस्त्यो यांच्याकडे, स्त्रियांच्या हक्कांचे खाते इव्हेत रुदी यांच्याकडे. ‘मोकळ्या वेळेचे’ असे एक नवे खातेही निर्माण करण्यात आले आणि शिक्षक-संघटनेचे नेते आंद्रे आंरी त्याचे मंत्री झाले. अर्थखाते मिळाले जाक देलोर यांना, आणि त्यांच्या जोडीला अंदाजपत्रकासाठी मितराँ यांचे विश्वासू तरुण सहकारी लोराँ फाबियुस.

वरवर पाहता ही मांडणी निर्दोष होती. पक्षातील प्रत्येक प्रवाहाला स्थान मिळाले होते. परंतु गटांचा समतोल आणि धोरणाची एकवाक्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली साधली म्हणजे दुसरी आपोआप साधते, असे मानणे हा पक्ष-नेतृत्वाचा नेहमीचा भ्रम होय. रोकार यांना मिळालेले नियोजन खाते भारतीय कानांना वजनदार वाटेल. फ्रान्समध्ये मात्र त्या काळी योजना सल्ला देई आणि पैसा रिव्होली मार्गावरील अर्थमंत्रालय देई. प्रतिस्पर्ध्याला मोठ्या नावाचे आणि छोट्या अधिकाराचे खाते देण्याची युक्ती जगातील कोणत्याही राजधानीत नवी नाही.

जगाचे लक्ष मात्र वेगळ्याच ठिकाणी खिळले होते. जून १९८१ च्या अखेरीस चार कम्युनिस्ट मंत्री सरकारात आले : वाहतूक खात्यात शार्ल फितेरमान, नागरी सेवांच्या खात्यात अनिसे ल पोर, आरोग्य खात्यात जाक रालित आणि व्यवसाय-प्रशिक्षण खात्यात मार्सेल रिगू. मे १९४७ मध्ये कम्युनिस्टांना सरकारातून काढण्यात आले होते, त्यानंतर ते प्रथमच सत्तेत येत होते. अमेरिकेने उघड नापसंती व्यक्त केली. तिचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश नेमके त्याच सुमारास पॅरिसला पोहोचले होते. पुढील तीन वर्षांत या चौघांनी काय केले? फितेरमान यांनी डिसेंबर १९८२ मध्ये अंतर्गत वाहतुकीचा कायदा आणून प्रवास हा नागरिकाचा हक्क मानला. ल पोर यांनी जुलै १९८३ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचे हक्क आणि कर्तव्ये निश्चित करणारा कायदा संमत करून घेतला. त्याचा पाया पुढे अनेक दशके टिकला. जेथे सर्वांना धोका दिसत होता तेथे कर्तव्यदक्ष कारभार झाला. जेथे कोणालाच धोका दिसला नाही तेथे सरकारचे भवितव्य ठरले. ती जागा म्हणजे अर्थखाते.

देलोर यांच्याविषयी कार्यकर्त्यांनी न्यायाने बोलले पाहिजे. ते ख्रिस्ती कामगार-चळवळीतून आलेले, अभ्यासू आणि सचोटीचे गृहस्थ होते. फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेत त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली होती आणि १९६९ नंतर उजव्या पंतप्रधान शाबान-देल्मास यांचे ते सामाजिक प्रश्नांवरील सल्लागार होते. समाजवादी पक्षात ते १९७४ मध्ये आले. आपली मते त्यांनी कधी लपविली नाहीत. फ्रँकचे मूल्य सांभाळावे, युरोपीय चलन-व्यवस्थेत राहावे, सुधारणा पैसा पाहून कराव्या, हे त्यांचे म्हणणे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते. म्हणून पुढे जे घडले त्याला देलोर यांचा विश्वासघात म्हणणे चूक ठरेल. त्यांना ज्या धोरणासाठी नेमले जाते ते धोरण त्यांनी चालविले. प्रश्न असा की, हे धोरण पक्षाने केव्हा स्वीकारले होते?

युरोपीय चलन-व्यवस्था मार्च १९७९ मध्ये सुरू झाली होती. सभासद देशांची चलने तीत एकमेकांशी अरुंद मर्यादेत बांधलेली असत. बांधलेल्या चलनाचा देश शेजाऱ्यांपेक्षा वेगाने मागणी वाढवू लागला की आयात वाढते, परकीय चलनाची गंगाजळी आटते, आणि मग दोनच वाटा उरतात : चलनाचे अवमूल्यन करणे, अथवा मागणी पुन्हा दाबणे. तिसरी वाट व्यवस्थेतून बाहेर पडण्याची. पण तिची तयारी आधीपासून करावी लागते. मितराँ सरकारने मागणी वाढविण्याचे धोरण स्वीकारले. किमान वेतनात जून १९८१ मध्ये १० टक्के वाढ झाली. कुटुंब-भत्ते आणि वृद्धांचे निर्वाहवेतन वाढले. कामाचा आठवडा ३९ तासांचा झाला, पगारी रजेचा पाचवा आठवडा मिळाला, ६० व्या वर्षी निवृत्तीचा हक्क मिळाला. या सर्व गोष्टी न्याय्य होत्या आणि कामगारांनी त्यांची दीर्घकाळ वाट पाहिली होती. परंतु त्याच वेळी अमेरिकेत व्याजदर चढलेले होते, जर्मनी आणि ब्रिटन काटकसर करीत होते, आणि फ्रेंच कामगाराच्या हाती आलेला पैसा पुष्कळ अंशी परदेशी मालावर खर्च होत होता. ऑक्टोबर १९८२ मध्ये परदेशांतून येणाऱ्या व्हिडिओ रेकॉर्डरांची सारी जकात-तपासणी प्वातिए या आडगावच्या कचेरीतूनच व्हावी, असा फतवा सरकारला काढावा लागला, तो यामुळेच. धोरणाच्या गाभ्याला हात घालण्याचे ठरत नसले की सरकारे अशा पळवाटा शोधतात.

निवडून येताच, सत्ताग्रहणाच्या आठवड्यातच मोठे अवमूल्यन करावे आणि त्याचा दोष मागील सरकारच्या माथी जाऊ द्यावा, असा सल्ला रोकार यांच्यासह काहींनी दिला होता. तो मानला गेला नाही. विजयाची सुरुवात अवमूल्यनाने करणे नेतृत्वाला अशुभ वाटले. परिणामी ऑक्टोबर १९८१, जून १९८२ आणि मार्च १९८३ अशी तीन अवमूल्यने करावी लागली, आणि तिन्हींचा दोष समाजवाद्यांच्या पदरी पडला. नोव्हेंबर १९८१ च्या अखेरीस देलोर यांनी सुधारणांना विराम द्यावा, असे जाहीरपणे सुचविले. फ्रेंच डाव्यांना या शब्दाने १९३७ ची आठवण झाली असेल : लेआँ ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारनेही फेब्रुवारी १९३७ मध्ये असाच विराम जाहीर केला होता आणि जूनमध्ये ते सरकार कोसळले होते. जून १९८२ मध्ये वेतने आणि किमती गोठविण्यात आल्या. आपण हिशेबांची मंत्री होणार नाही, अशी भूमिका घेणाऱ्या निकोल केस्त्यो यांना त्याच महिन्यात जावे लागले.

राष्ट्रीयीकरणाच्या प्रश्नावरही हीच दुफळी दिसली. पाच मोठे उद्योगसमूह, तीसहून अधिक बँका आणि पारिबा व स्युएझ या दोन वित्तसंस्था फेब्रुवारी १९८२ च्या कायद्याने राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. भांडवल पूर्णपणे ताब्यात घ्यावे की ५१ टक्के पुरेत, यावर मंत्रिमंडळात वाद झाला. देलोर आणि रोकार ५१ टक्क्यांच्या बाजूचे होते, परंतु पूर्ण राष्ट्रीयीकरणाचा पक्ष विजयी झाला. बँका राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या हे खरे. पण मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर तेच राहिले, ज्यांची नेमणूक १९७९ मध्ये जिस्कार यांच्या राजवटीत झाली होती. ते १९८४ पर्यंत त्या जागी होते. पारिबाच्या अध्यक्षपदी आलेले गृहस्थही मागच्या राजवटीतील कोषागाराचे संचालकच होते. मालक बदलले, मुनीम तेच राहिले. वही मुनिमाच्या अक्षरात असली की मालकाला ती वाचता येतेच, असे नाही.

निर्णायक क्षण मार्च १९८३ मध्ये आला. युरोपीय चलन-व्यवस्थेतून बाहेर पडावे, असे काही उद्योगपती आणि मंत्री राष्ट्राध्यक्षांना सांगत होते. संध्याकाळी येणारे पाहुणे म्हणून त्यांना ओळखले जाई. मितराँ स्वतः काही दिवस द्विधा मनःस्थितीत होते. फाबियुस बाहेर पडण्याच्या बाजूचे मानले जात. त्यांनी कोषागाराचे संचालक मिशेल कामदेस्यू यांच्याकडे गंगाजळीची चौकशी केली. गंगाजळी इतकी आटली आहे की फ्रँक मोकळा सोडताच कोसळेल, असे उत्तर मिळाले, आणि फाबियुस यांचे मत पालटले. अधिकाऱ्याने खोटे सांगितले, असा आरोप करण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, समाजवादी सरकारच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय एका अधिकाऱ्याच्या हिशेबावर वळला, आणि तो हिशेब तपासून पाहील असा एकही माणूस दोन वर्षांत नेमला गेला नव्हता. हेच कामदेस्यू १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे प्रमुख झाले.

काटकसरीचे धोरण स्वीकारण्यात आले. शव्हेनमाँ सरकारबाहेर पडले. देलोर यांच्याकडे अर्थखात्याबरोबर अंदाजपत्रकही आले. जुलै १९८४ मध्ये मोर्वा यांनी राजीनामा दिला, फाबियुस पंतप्रधान झाले, कम्युनिस्टांनी सरकारात राहण्यास नकार दिला. १९८६ च्या मार्चमध्ये डाव्यांचे बहुमत गेले आणि नव्या उजव्या सरकारने बँका व उद्योग पुन्हा खासगी हाती देण्यास प्रारंभ केला. त्याआधीच, जून १९८४ च्या युरोपीय निवडणुकीत, ल पेन यांच्या वंशवादी पक्षाला सुमारे ११ टक्के मते पडली होती. निराश झालेल्या कामगार-वस्त्यांत पुढे त्या पक्षाने जे मूळ धरले, त्याची फळे फ्रान्स आजही भोगत आहे.

मग १९८१ चे मंत्रिमंडळ संपूर्णपणे अपयशी ठरले काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. रोबेर बादाँतेर जून १९८१ मध्ये न्यायमंत्री झाले आणि ९ ऑक्टोबर १९८१ रोजी मृत्युदंड रद्द करणारा कायदा अमलात आला. २००७ मध्ये त्या बंदीला राज्यघटनेत स्थान मिळाले. ओरू यांच्या १९८२ च्या चार कायद्यांनी कारखान्यातील कामगाराला बोलण्याचा हक्क दिला आणि मालकांना दरवर्षी वेतनावर वाटाघाटी करणे बंधनकारक केले. देफेर यांच्या मार्च १९८२ च्या कायद्याने प्रांतांना अधिकार मिळाले. इव्हेत रुदी यांनी गर्भपाताचा खर्च सामाजिक विम्यातून मिळवून दिला आणि १९८३ मध्ये नोकरीतील समानतेचा कायदा आणला. या यादीत एक समान सूत्र आहे. यातील बहुतेक सुधारणांना परकीय चलन लागत नव्हते. त्या कोषागाराच्या दारावरून न जाता कायद्याच्या बळावर करता येत होत्या. तेथे मंत्री निश्चयी असणे पुरेसे ठरले. जेथे कोषागाराची संमती लागली तेथे मंत्र्याचा निश्चय पुरला नाही.

जन्माच्या वर्गावरून मंत्र्याची पारख करण्याची सवयही या इतिहासाने सोडावयास हवी. पिएर बेरेगोव्हा हे स्थलांतरिताचे पुत्र. सोळाव्या वर्षी ते यंत्रावर काम करू लागले, पुढे रेल्वेत लागले. १९८४ मध्ये तेच अर्थमंत्री झाले, आणि फ्रान्सच्या वित्तबाजाराची बंधने सैल करण्याचे काम मुख्यतः त्यांच्याच कारकिर्दीत झाले. उलट बादाँतेर हे नामवंत वकील, रोकार, शव्हेनमाँ व फाबियुस हे उच्च प्रशासकीय विद्यालयाचे पदवीधर. पण त्यांचे मार्ग तीन दिशांना गेले. कामगाराचा मुलगा अर्थमंत्री झाला म्हणून अर्थमंत्रालय कामगारांचे होत नाही. ते मंत्रालय माणसाला आपल्यासारखे घडविते.

हे सारे परदेशातील म्हणून बाजूला ठेवण्याचे कारण नाही. १९७७ चे जनता सरकार अनेक कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. त्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे उद्योग खाते होते आणि राजापूरचे प्रतिनिधी मधु दंडवते यांच्याकडे रेल्वे. दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घालण्याचा निर्णय घेतला आणि १९७४ च्या संपात कामावरून काढलेल्या कामगारांना परत घेतले. सामान्य प्रवासी आणि कामगार यांना तो काळ अजून आठवतो. पण त्या सरकारात प्रारंभी अर्थखाते होते हिरुभाई पटेल यांच्याकडे, म्हणजे जुन्या आय. सी. एस. मधून आलेल्या आणि स्वतंत्र पक्षाच्या विचारांत मुरलेल्या गृहस्थांकडे. समाजवाद्यांना काम करण्याची खाती मिळाली, नकार देण्याचे खाते दुसऱ्याकडे राहिले. पॅरिस असो वा दिल्ली, वाटणीची ही रीत सारखीच आहे.

तेव्हा नव्या राष्ट्राध्यक्षाची मंत्र्यांची यादी हाती आली की कार्यकर्त्याने चार प्रश्न विचारावे. पहिला : खर्च करणारी खाती आणि खर्चाला नकार देऊ शकणारे खाते ही एकाच धोरणाच्या माणसांकडे आहेत काय? नसतील तर वाद कोण मिटविणार आणि केव्हा? दुसरा : मंत्र्याच्या खाली कोण आहे? अर्थसचिव, मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर, सरकारी बँकांचे प्रमुख यांची नावे मंत्र्यांच्या नावांइतक्याच काळजीने वाचली पाहिजेत. तिसरा : जाहीरनाम्याचे कोणते कलम कोणत्या मंत्र्याच्या नावावर आहे? ज्या कलमाला मंत्री नाही ते कलम सरकारने सोडून दिले, असे समजण्यास हरकत नाही. चौथा : मंत्र्याच्या पाठीशी मंत्रालयाबाहेर कोण उभे आहे? जून १९८४ मध्ये खासगी शाळांच्या समर्थनार्थ पॅरिसच्या रस्त्यांवर लाखोंचा मोर्चा निघाला, आणि शिक्षणमंत्री आलाँ साव्हारी यांचे विधेयक मागे घ्यावे लागले. मार्च १९८३ मध्ये सुधारणांच्या रक्षणासाठी असा मोर्चा निघाला नव्हता. कामगार-संघटना आपल्या सरकारला अडचण नको म्हणून गप्प राहिल्या, आणि सरकारला अडचण करणारे सारे दुसऱ्या बाजूलाच उरले.

या चार प्रश्नांची उत्तरे मंत्रिमंडळ जाहीर झाल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत मागितली पाहिजेत, कारण नंतर ती मागून उपयोग नसतो. नव्या सरकारच्या सद्भावनेवर शंका घेणे म्हणजे शत्रूच्या हाती शस्त्र देणे, असा युक्तिवाद त्या दिवसांत हमखास होतो. फ्रान्समध्येही तो झाला होता. परंतु १९८१ च्या मे महिन्यात पक्षाच्या कार्यकारिणीने अर्थखात्याच्या नेमणुकीवर एक दिवस जरी उघड चर्चा केली असती, तर चलन-व्यवस्थेत राहावयाचे की नाही हा प्रश्न तेव्हाच टेबलावर आला असता. उत्तर कदाचित राहण्याचेच आले असते. तरी मग सुधारणांचा क्रम आणि वेग त्याला अनुसरून ठरला असता, आणि लोकांना दिलेली वचने दोन वर्षांनी परत घेण्याची पाळी आली नसती. मंत्री कोण असावा हे ठरविण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाचा आहे. तो मंत्री कोणते धोरण घेऊन त्या खुर्चीवर बसतो, हे विचारण्याचा अधिकार मात्र ज्या कार्यकर्त्याने दारोदार जाऊन मते मागितली त्याचा आहे, आणि तो त्याने पहिल्याच आठवड्यात बजावला पाहिजे.